सुगंधानं टोपली पालथी घातली

सुगंधा माझी धाकटी बहीण. सख्खी, माझ्या पाठची. आमच्या आईच्या पोटी दोनच रत्नं निपजली, त्यातलं एक मी आणि दुसरी ती. माझ्याबद्दल आमच्या आळीत कुणालाही विचारा, होडीचा तांडेल म्हणून माझं नाव सांगतील. तिच्याबद्दल विचारायची गरजच नाय. नवापूरच्या किनाऱ्यापासून बोईसरच्या बाजारापर्यंत जिचा आवाज ऐकला नाय असा माणूस बहिरा तरी असेल, नायतर नवा आलेला तरी.

आमचा बाप जाळी विणायचा. त्याच्या हातची गाठ दर्यानं कधी सोडवली नाय. ती विद्या त्यानं आमाला दोघांनाही दिली, पण उतरली ती सुगंधाच्या बोटांत. तिचं लगीन झालं, सासरी गेली, तिथंही जाळ्याला बसली. एक दिवस सासूनं तिनं मारलेली गाठ तिच्यासमोर सोडली आणि आपल्या पद्धतीनं परत मारली. सुगंधानं सुई खाली ठेवली, पदर खोचला आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं चालत माहेरी आली.

मी दारातच जाळं सुकवत होतो. विचारलं, "काय गं, मारलं का कुणी?"

"मारायची हिंमत हाय कुणाची? जिथं माझी गाठ सोडतात तिथं मी नांदत नाय, दादा."

परत गेली नाय. लोक बोलले, एवढ्याशा गाठीसाठी कुणी संसार मोडतं का? आमच्या घरात मोडतात. आमी असेच हाव.

मग तिनं आईची टोपली डोक्यावर घेतली आणि बोईसरच्या बाजारात बसायला लागली. तिथं नवे नवे कारखाने आले होते, सगळी वर उत्तरेकडची माणसं, कुणाला आपली भाषा कळायची नाय. सुगंधानं बसल्या बसल्या हिंदी उचललं. एकदा कॉलनीतली एक बाई पापलेट उलटंपालटं करून सुगंधाच्या तोंडाकडं टकमक बघत होती, खरं बोलते का खोटं. सुगंधा बोलली, "भाभी, आंख मछली की देखो, मेरी क्या देखती हो? मैं बिकाऊ नहीं है." त्या बाईनं हसत हसत दोन पापलेटं घेतली आणि कायमची गिऱ्हाईक झाली.

आता मुद्द्याचं. आमच्या आळीच्या मागं, वाळूच्या बांधापलीकडं एक तळं होतं. आजूबाजूला सगळं पाणी खारं, हे एकटंच गोडं, म्हणून त्याला गोडं तळंच म्हणायचे. त्याच्या काठाला बारमाही दलदल. आणि त्या चिखलात पाय रोवून उभी समुद्रफळाची जुनी झाडं. पोरांना सर्दी झाली की बाया फळ उगाळून छातीला लावायच्या, तेवढाच त्या झाडांशी आमचा संबंध.

त्या झाडांच्या सालीवर कानपाळ्या असायच्या. आमी तसंच म्हणायचो. मसाल्यात आपण दगडफूल घालतो ना, त्याच्याच जातकुळीतलं. पण दगडफूल वाळकं नि काळपट, हे निराळं. उन्हात करडं-निळसर, माणसाच्या कानाच्या पाळीएवढं, आणि पाण्याचा हबका मारला की डोळ्यादेखत हिरवंगार. लहानपणी सुगंधा त्यांच्याजवळ तोंड नेऊन माझ्या कागाळ्या सांगायची. आईपेक्षा त्या बऱ्या ऐकतात, बोलायची.

तेव्हा त्या कानपाळ्या आमच्या आळीतल्या आंब्यांवरही होत्या. सत्तर सालानंतर धुराडी वाढली, वारा बोईसरकडून सुटला की डोळे चुरचुरायला लागले, आणि घराजवळच्या कानपाळ्या पांढऱ्या पडून गळून गेल्या. कुणाला कळलंपण नाय. कानपाळ्या गेल्या म्हणून कोण रडतो? फक्त तळ्याकाठच्या राहिल्या.

सत्याऐंशी साली मुंबईच्या कुठल्याशा कॉलेजातल्या एक बाई तिथं आल्या. साडी वर खोचलेली, पायात रबरी बूट, गळ्यात भिंग. सुगंधा बाजारातून परत येत होती तेव्हा त्या बाई गुडघाभर चिखलात रुतून उभ्या होत्या आणि वर झाडाकडं बघून हसत होत्या. सुगंधाला वाटलं, बिचारीच्या डोक्यावर परिणाम झालाय.

"बाई, हात द्या. हसताय काय? अजून थोड्या खाली गेलात तर आमालाच रडावं लागेल."

ओढून बाहेर काढलं, एक बूट आतच राहिला. बाईंना बुटाचं काय नाय. त्या बोलल्या, "ताई, हे किती वर्षांपासून आहे इथं?"

"ह्या कानपाळ्या? माझ्या आज्जीच्या आधीपासून."

मग बाई तिथंच काठावर बसल्या आणि तिला समजावलं. दिसायला एक, पण त्यात दोन जीव नांदतात. एक घर बांधतो, ओल धरून ठेवतो. दुसरा उन्हावर रांधतो. एकट्यानं दोघांपैकी कुणाचं भागत नाय. धूर सोसत नाय, आणि घर करायला अशा दलदलीतलंच जुनं झाड लागतं. बाई कोकणात खूप हिंडल्या होत्या, जिथं जिथं पूर्वी असल्याची खूण होती तिथं जाऊन आल्या होत्या. आता त्यांना हे दुसरीकडं कुठंच सापडत नव्हतं.

"म्हणजे इथलं मेलं की संपलं?" सुगंधानं विचारलं.

"संपलं."

सुगंधानं टोपली उचलली. बोलली, "बघते, कुणाला विचारून संपतं ते."

आता तळ्याची जमीन होती एकनाथची. एकनाथ आमचा चुलतभाऊ, दोन होड्यांचा मालक. माणूस वाईट नव्हता. त्याला बर्फाचा कारखाना घालायचा होता, आणि बर्फाची गरज खरीच होती. बाहेरून बर्फ येईपर्यंत निम्मा वाटेत वितळायचा, आणि बोंबील तर तुमाला ठाऊक हाय, ऊन लागलं की पाणी. पण कारखाना बांधायचा म्हणजे तळ्यात भराव टाकायचा आणि समुद्रफळं तोडायची.

सुगंधा त्याच्या ओटीवर गेली. "एकनाथा, झाडं ठेव. भराव अलीकडं टाक."

"का? त्या बुरशीसाठी? तिचा उपयोग काय?"

"तुझ्या डोक्यावरचे केस गेले तेव्हा किती तेल चोळलंस? त्यांचा काय उपयोग होता?"

ओटीवरचे सगळे हसले, एकनाथ पण हसला. मग बोलला, "असं कर, शेंदूर फास, देव बसव. देवाच्या झाडाला मी कुऱ्हाड लावणार नाय, आईशप्पथ."

ती युक्ती होती खरी. दुसरी कुणी असती तर संध्याकाळी शेंदूर घेऊन गेली असती. सुगंधा बोलली, "शेंदूर-तेलात त्यांचा जीव कोंडेल. आणि खोटा देव मी बसवत नाय. खरे काय कमी हायत?"

बाईंनी मुंबईत खेटे घातले. एका हपिसात तर सायबानं विचारलं म्हणे, ह्याला शेपूट हाय का? नाय ना? मग आमच्या खात्यात येत नाय. तेव्हा सुगंधाच बाईंना बोलली, "झाड हलत नाय, मग कानपाळ्या हलवू."

बाई बोलल्या, "सालीसकट काढून दुसऱ्या झाडावर लावायच्या? प्रयोग झालेत, ताई. पण बऱ्याचदा जगत नाहीत. धरायच्या आधीच गळून पडतात."

"गळून पडतात? बांधणारं कोण होतं?"

तळ्याला जिथं ओहोळ मिळतो तिथं करंजं होती. जमीन गावाची, ओल कायमची, वाऱ्याला आड. पावसाच्या तोंडाशी सुगंधानं आणि बाईंनी समुद्रफळांच्या सालीचे पातळ पातळ पापुद्रे कानपाळ्यांसकट काढले, करंजांच्या बुंध्यांना लावले आणि वरून सुगंधानं जाळं विणून आवळलं. काय विणलं होतं! मोठा डोळा, म्हणजे ऊन-पाणी आत जाईल, आणि गाठ अशी की वादळ आलं तरी पापुद्रा हलायचा नाय. बापानं बघितलं असतं तर तिथंच लोटांगण घातलं असतं.

दोरा तिनं साधा घेतला नाय. आमच्याकडं सुती दोरा ऐनाच्या सालीत उकळून पक्का करायची रीत. तेव्हा नायलॉन आलं होतं, पण आमची गोजरा आते, बापाची बहीण, अजून परसात हंडा चढवायची. तिच्या हंड्यातला दोरा वर्षानुवर्षं दर्यात राहिला तरी कुजायचा नाय. कच्च्या दोऱ्यानं काय बांधणं म्हणजे बापाचं नाव बुडवणं. सुगंधानं भारा भरून दोरा दोनदा उकळून घेतला.

दिवाळीपर्यंत सगळ्या कानपाळ्या तपकिरी पडल्या. मग चिकट झाल्या. मग जाळ्याच्या आत नुसता चिखल राहिला. जाळं तेवढं नव्यासारखं.

आळीत हसू झालं. बोंबील सुकवणाऱ्या बाया बोलायच्या, "सुगंधा, बुरशीचं लोणचं घालतेस का गं?" आणि तिकडं एकनाथनं भरावाला सुरुवात केली. बाकीची समुद्रफळं तोडली. कोपऱ्यावरचं एक तेवढं उरलं, तेही होळीनंतर जायचं होतं. जगात म्हणा, निदान बाईंच्या जगात, त्या कानपाळ्यांचं तेवढं एकच घर राहिलं.

बाई आल्या. करंजाजवळ गेल्या, जाळ्याचा दोरा बोटांत धरून नाकाशी नेला. "सुगंधाताई, हा कशात उकळलाय?"

"ऐनाच्या सालीत. असा दोरा बघितला नसेल बाई तुमी. पाणी लागू दे, चिखल लागू दे, ह्याला बुरशी म्हणून धरत नाय..."

एवढं बोलली आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

बाई हळूच बोलल्या, "ह्या दोघांतला घर बांधणारा जो जीव आहे ना, तो बुरशीच्याच जातीचा आहे."

सुगंधा रडली नाय. रडणं आमच्या घरात बसत नाय. तिनं कोयता घेतला आणि आपल्या हातच्या सगळ्या गाठी तोडून टाकल्या. सासूनं एक सोडली तर घर सोडून आलेली बाई ती! मग तडक गोजरा आतेच्या परसात गेली.

"आते, कच्चा दोरा दे."

"कच्चा? अगं पावसाळ्यात कुजेल तो."

"कुजू दे."

"मग पडतील की तुझ्या त्या कानपाळ्या."

"धरायचं असेल तर तोवर धरतील. नसेल तर पक्क्या दोऱ्यानं बांधून तरी काय? मेलेलं बांधून ठेवायचं?"

पण कच्च्या दोऱ्यात कानपाळ्या धरायला पावसाळ्याची ओल पायजे, आणि एकनाथ होळीपुढं थांबणार नव्हता. झाड तोडलं की लावायला कानपाळ्या आणणार कुठून?

आता आमच्या आळीची एक रीत सांगतो, कारण तिच्यावरच सगळं हाय. होडी पुरुषाची, पण म्हावरं किनाऱ्याला लागलं की ते बाईचं. उचलायचं तिनं, विकायचं तिनं. आणि एखाद्या बाईवर मोठा अन्याय झाला, तर तिनं त्या मालकाच्या होडीसमोर आपली टोपली वाळूवर पालथी घालायची आणि वर बसायचं. ती उठेपर्यंत दुसरी कुठलीही बाई त्या मालकाचं म्हावरं उचलणार नाय. तिची मागणी मान्य झाली की मालकानं स्वतःच्या हातानं टोपली सुलटी करायची आणि पहिलं म्हावरं तिच्यात घालायचं. पण हे बाईला जन्मात एकदाच. म्हणून बाया ती राखून ठेवतात. नवऱ्यानं दुसरी आणली, दिरानं वाटा दाबला, तर त्या वेळेला. बऱ्याचशा तशाच राखून मरतात.

सुगंधानं सासर सोडलं तेव्हासुद्धा घातली नव्हती. होळीच्या आधी एका सकाळी एकनाथच्या होड्या बोंबलांनी भरून आल्या, आणि सुगंधानं टोपली पालथी घालून वर बैठक मारली.

एकनाथला आधी कळेना. "काय झालं गं? मी तुझं काय खाल्लं?"

"माझं नाय. कानपाळ्यांचं."

बाया खो खो हसायला लागल्या. पण हसता हसता सगळ्यांनी हात मागं घेतले. रीत ती रीत. गोजरा आते मात्र काठी टेकत पुढं आली, रागानं लाल.

"शाने! मी माझी ह्या वयात अजून राखून ठेवलीय. आणि तू बुरशीवर उधळतेस?"

"आते, तू कशासाठी राखलीयस?"

आते काठी आपटत घरी निघून गेली.

ऊन चढलं. बोंबील पाणी सोडायला लागले. एकनाथनं मेव्हण्याला टेम्पो घेऊन बोईसरला पाठवला, तर त्या गड्याला भाव करता येईना. मिशीवाला मासे विकतोय बघून कॉलनीतल्या बाया पुढच्या पुढं निघून गेल्या. किनाऱ्यावर लोक मला बोलायला लागले, तांडेल, बहिणीला आवरा. मी बोललो, "दर्याला आवरून दाखवा, मग हिला आवरतो." माझ्या छातीला त्या दिवशी सदरा पुरत नव्हता.

शेवटी एकनाथ तिच्यासमोर उकिडवा बसला. "बोल बये, काय पायजे? आख्खं तळं?"

"पालथ्या टोपलीनं दुसऱ्याची जमीन मागता येत नाय. ते मलाही ठाऊक हाय. पावसाळा पायजे. ते एक झाड दिवाळीपर्यंत उभं ठेव."

"आणि मग?"

"मग झाड तुझं, कुऱ्हाड तुझी. मी मधी येणार नाय."

एकनाथनं टोपली सुलटी केली आणि त्यातल्या त्यात धड बोंबील शोधून तिच्यात घातला. "असल्या कामाला टोपली घालवणारी तूच पहिली," बोलला.

"आणि असल्या कामाला घालायला लावणारा तू," सुगंधा बोलली.

त्या पावसाळ्यात तिनं हात पोचेल तिथवरच्या कानपाळ्या काढून करंजांवर कच्च्या दोऱ्यानं बांधल्या. आमच्या बापाच्या लेकीनं कच्चा दोरा वापरला, आणि गाठही सैल ठेवली! रोज बाजाराला जायच्या आधी ती तिकडून चक्कर मारायची. दोरा काळा पडला, मऊ झाला. ती फक्त बघायची. हात लावायची नाय.

दसऱ्याला बाई आल्या. सुगंधानं त्यांच्यासमोर एका जाळ्याला बोट लावलं. दोरा भिजल्या पोह्यासारखा तुटला, जाळं गळून खाली पडलं. कानपाळी जागच्या जागी. बाईंनी टोकाला धरून हलकेच उचलून बघितली, तर खालून करंजाची साल धरलेली. पुढचं जाळं, त्याच्याखाली मेलेली. त्याच्या पुढचं, धरलेली. सगळ्या नाय, पण धरणाऱ्या जास्त. ओहोळाचं पाणी शिंपडलं तशा हिरव्या झाल्या. बाई एवढ्या जोरात हसल्या की मागं सरकताना परत चिखलात गेल्या. ह्या खेपेला दोन्ही बूट.

दिवाळी झाली. एकनाथनं माणसं लावली आणि एका संध्याकाळी ते शेवटचं समुद्रफळ आडवं झालं. सुगंधा समोर उभी होती. एकनाथ बोलला, "मी शब्द पाळला बघ."

"मी पण."

मग ती आडव्या झाडाकडं गेली, आणि थांबली. आजवर तिला आणि बाईंना फक्त बुंध्यावरच्या कानपाळ्या मिळाल्या होत्या. वरच्या फांद्या ठिसूळ, चिखलात शिडी उभी राहायची नाय. ज्या फांद्यांकडं ती जन्मभर मान वर करून बघत आली, त्या आता तिच्या कमरेला लागत होत्या, आणि त्यांच्यावर कानपाळ्यांची नुसती दाटी. खाली एक असेल, तर इथं दहा, सालच दिसत नव्हती.

"एकनाथा, लाकडं कधी नेतोस?"

"सकाळी. माणसं ठरलीत, भट्टीवाला येतोय."

"एक दिवस थांब."

"झालं का परत? तुझी टोपली झाली सुगंधे. आता काय पालथं घालणार?"

घरी येऊन ती कोयत्याला धार लावत बसली. बोलली एवढंच, "भट्टीवाला येईपर्यंत जेवढं निघेल तेवढं काढीन. पाऊस गेला तर रोज ओहोळाचं पाणी मारीन. एकटी तर एकटी."

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती कोयता आणि दोऱ्याची गुंडी घेऊन तळ्यावर गेली. पहिली फांदी हातात धरते तोच बांधावरून बायांचा कलकलाट आला. एकनाथचं म्हावरं उचलणाऱ्या सगळ्या, डोक्यावर रिकाम्या टोपल्या, हातात सुऱ्या.

सुगंधानं विचारलं, "काय गं, होड्या आल्या नाय?"

"आल्यात की. भरून आल्यात," एक बोलली. "पण उचलायचं नाय आज. किनाऱ्यावर जाऊन बघ."

सुगंधा बांधावरून धावत गेली. खाली वाळूवर, एकनाथच्या होडीच्या नाळेसमोर, गोजरा आते आपल्या पालथ्या टोपलीवर काठी आडवी घेऊन बसली होती. एकनाथ समोर कपाळाला हात लावून उभा होता.

"ठीक हाय आते, लाकडं आज नाय हलवत. उठ आता. टोपली सुलटी करू दे मला."

"हात लावू नको," आतेनं काठी उगारली. "तिकडं शेवटची गाठ बसल्याशिवाय मी उठत नाय." तेवढ्यात तिला बांधावर सुगंधा दिसली, तशी ती तिथूनच ओरडली, "आणि तू तोंड वासून काय बघतेस? जा! दोरा कच्चाच घेतलायस ना?"